जांभळावरचं तिकांडं

दुसऱ्यांचं बोलणं ऐकू नये असं लतिकाबाई वर्गात शिकवायच्या. पण निपाणीच्या बसमध्ये पुढच्याच सीटवर म्हातारे आप्पा आणि त्यांची पुतणी मोबाइलवर ताऱ्यांचा नकाशा बघत बोलत होते.

"ही उभी रेघ कसली गं?"

"दक्षिणोत्तर, आप्पा. तारा हिच्यावर आला की आभाळाच्या मध्यावर आला."

"आमची रेघ म्हंजे विहिरीवरचं जांभूळ. तिकांड्याचे तीन तारे त्याच्या शेंड्यावर आले की अण्णानं, तुझ्या बापानं, पाणी माझ्या रानात सोडायचं. पण तो रोज उशीर करायचा. बोलणंच सोडलं मी."

"बाबा बघायचे कुठनं?"

"त्याच्या बांधावरनं. मी माझ्या खोपीवरनं."

"तो बांध तुमच्या खोपीच्या उगवतीला न्हवं? तिथनं जांभूळ मावळतीकडं दिसतंय. त्याच्यावर तारे उशिराच येणार."

"म्हंजे अण्णा बरोबर बघत होता?"

"तुम्हीबी बरोबरच बघत होता, आप्पा."

लतिकाबाई खिडकीबाहेर बघू लागल्या. बस बोरगावच्या फाट्यावर थांबली.

"चला, उतरायचं. बाबांच्या वर्षश्राद्धाला सगळी आपलीच वाट बघत असतील."

"उतरतो. आधी ती रेघ पुस."