रविवारचा शेवटचा भाग

नाही, नाही, ती खुर्ची वर्नरची, तिच्यावर चढू नका, हे स्टूल घ्या — आणि आठच्या आत होईल ना? रविवारी बोलावलं तुम्हाला, मला लाज वाटते, पण काल वाऱ्याने अँटेना पाडली आणि आज मालिकेचा शेवटचा भाग — तुमच्याकडेही बघतात ना? बघतातच. अख्खं डेन्मार्क बघतं. सोमवारी बेकरीत पाव राहतो बाजूला, आधी भांडण. तिथली गुद्रुन म्हणते, मालिकेतल्या त्या आस्ताने पोटच्या पोराला पोलिसांत दिलंच कसं, मी तर जीभ चावून तोडली असती — आणि म्हणते कोणाकडे बघून? माझ्याकडे. मी म्हटलं, गोळी लागून माणूस मेला, गुद्रुन, आणि हा बंदूक गोठ्यात लपवून जेवायला बसला, मग आईने काय करायचं, बटाटे वाढायचे? कॉफी घ्या ना, गार होतेय.

वर्नर येईलच इतक्यात, कुत्र्याला घेऊन बंधाऱ्यावर गेलाय. तो आला की चित्र दिसलं पाहिजे. इतकी वर्षं संसार केला त्याच्याशी, एरवी तो वाद घालणारा नाही हो, सगळं आयुष्य होडीवर गेलं, बोलणं म्हणजे वारा कुठून आहे तेवढंच — पण ही मालिका लागली आणि माणूस सुटलाच. आस्ताचं काम करते ना, ती नटी त्याला मुळीच पसंत नाही. म्हणतो, पोलिसांना फोन करताना हिचा हात हलत कसा नाही, नुसतं लाकूड आहे. मी म्हटलं, नाहीच हलत. फोन करताना हात अगदी स्थिर असतो, पत्तासुद्धा नीट सांगता येतो, हलतो तो नंतर, भांडी घासताना — काय? मला कसं माहीत? अहो, तुम्ही याच गावचे, आता उगाच वायरकडे बघू नका. आमच्या पोराच्या, त्रोएल्सच्या वेळी पोलिसांना फोन मीच केला होता. सायकलवाल्याला उडवून आला, गाडीवर ताडपत्री टाकली आणि झोपला. झोपला हो. तो माणूस वाचला, पण अजून धड चालत नाही. आणि सकाळी बापाने विचारलं तर डोळ्यांत बघून म्हणाला, मी नव्हतो. वर्नर बंदरावर जाऊन चारचौघांत छातीठोकपणे सांगून आला, माझा मुलगा नव्हेच म्हणून. दुपारी पोलीस दारात. त्यानंतर एकदाही तुरुंगात भेटायला गेला नाही, नाव घेत नाही. फोनचं ठाऊक आहे त्याला. त्यावर आम्ही कधी बोललो नाही. आस्ताबद्दल बोलतो.

मालिकेतला बापही तसाच, पाहिलात ना. पहिल्याच रविवारी तो म्हातारा म्हणाला, सुटून आला तरी दारात उभा करणार नाही. आणि वर्नर काय म्हणतो? बरोबर आहे. मी विणकाम खाली टाकलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. मग काही रविवारांनी म्हणाला, नट चांगला आहे, पण लिहिणाऱ्याने फार ताणलंय, इतके दिवस कोणी धरून बसत नाही. मी टाके मोजायचे विसरले, अहो, अख्खी ओळ उसवावी लागली. आणि गेल्या रविवारी — पोरगा सुटून आलाय, पावसात अंगणात उभा, म्हातारा आतून कडीवर हात ठेवून, आणि तिथेच भाग संपवला मेल्यांनी — तेव्हा वर्नर त्या टीव्हीला म्हणतो, ‘अरे, उघड ना, म्हाताऱ्या.’ हळूच म्हणाला. मला ऐकू जाऊ नये असं.

उद्या सकाळच्या पहिल्या गाडीने त्रोएल्स सुटून येतोय. वर्नरला सांगितलं, तर म्हणाला, बघू. काय बघू? आज आठला बघू, दुसरं काय. तुम्हाला हसू येतंय, एवढा पिकलेला माणूस मालिकेवरून ठरवतो का म्हणून. ठरवत नाही हो, पण त्याच्या आधी कोणीतरी करून दाखवायला हवंय ना. मला भीती वाटते, दिवसभर वाटतेय, तीन वेळा केक जळता जळता राहिला.

आलं! आलं चित्र, किती स्वच्छ — थांबा, तुम्ही असे का बघताय माझ्याकडे? तुम्ही पाहिलाय. शेवटचा भाग पाहिलाय तुम्ही, त्या मोबाइलवर आधीच टाकतात तिथे — नाही, सांगू नका. सांगा. उघडतो का, एवढंच, मान तरी हलवा. अहो, पेटीत काय शोधताय, इकडे बघा.

बरं.

बरं. म्हणजे नाही उघडत, तो पोरगा पावसातून तसाच परत जातो. गुद्रुन पोटभर रडेल, वर्तमानपत्रात लिहितील किती खरं, किती खरं. काढा ती वायर. काढा म्हणते ना, तोडलीत तरी चालेल. बेकरीत कळेल त्याला उद्या? कळू दे, गाडी बेकरी उघडायच्या आधी येते. ऐका, कुत्रा भुंकतोय, आलाच तो — लवकर करा, आणि तुम्ही तोंड उघडू नका, तुम्हाला खोटं जमत नाही, सगळं चेहऱ्यावर दिसतं.

ये, वर्नर. नाही झालं रे दुरुस्त, यांनी खूप खटपट केली, काहीतरी जळलंय आत. बूट काढ आधी. चिडू नकोस, यांनी शेवट पाहिलाय, मला सांगितला सगळा — तुम्ही निघा हो, वारा आहे, दार नीट ओढून घ्या — बस ना, वर्नर. तो म्हातारा उघडतो. लगेच नाही उघडत, बराच वेळ उभा राहतो. पण उघडतो.