साहेब येईपर्यंत थांबा

कुसुममावशीच्या मातीला काय झालं ते विचारू नका, अजून डोकं फिरतं माझं. बरं, विचारलंच आहे तर ऐका.

मावशी म्हणजे आमच्या भूम गावची सुईण. आमची अख्खी गल्ली तिच्या हातावर जन्मलेली, मी अन् शेजारचा हमीदसुद्धा. त्या दिवशी तिरडी बांधून तयार होती, लेकी रडून थकल्या होत्या, तरी कुणी उचलंना. का, तर साहेब धाराशिवहून निघालेत.

हमीद म्हणाला, "ऊन लई झालंय, उचला की आता."

साहेबांचा कार्यकर्ता म्हणतो, "दम धरा जरा, साहेबांना वाईट वाटंल."

म्हणजे दारात निजलेल्या मावशीचं कुणालाच काही वाटायचं नाही.

सूर्य डोक्यावर आल्यावर साहेब उतरले. हार घातला, फोटो काढून घेतले अन् माईक हातात घेतला. "मावशींचे माझ्यावर अनंत उपकार आहेत. माझा जन्मच त्यांच्या हातून झाला..."

बायकांमध्ये साहेबांची म्हातारी आई बसली होती. ती तिथूनच बोलली, "व्हय. मला कळा सुरू झाल्या तवा ती भरल्या ताटावरून उठून पळत आली. अन् तू तिला उन्हात ठेवलंस."

साहेबांनी माईक खाली ठेवला. तिरडी उचलताना मात्र खांदा द्यायला पुढं सरसावले. म्हातारीनं हात आडवा घातला.

"तू मागं हो. ज्यांना तिच्यासाठी वेळ होता, ते नेतील तिला."