लिलावातली काळी पेटी

आमी मूळचे मेंढरंवाले. घर सांगवीला, पण घर म्हंजी काय, वर्षातलं आठ म्हैनं त्येला कुलूप. पावसाळा सरला की आबा, म्हंजी माझा बाप, मेंढरं घिऊन निघायचा आन् आमी सगळी मागनं, घोड्यावर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबड्या आन् कोंबड्यांच्या वर मी. ज्येच्या रानात मेंढरं बसवायची त्येच्या रानाला खत आन् आमाला ज्वारी, आसा येव्हार. तर काय सांगू सर तुमाला, माझं गिटारीचं येड ह्या मेंढरांच्या मागंच लागलं. इंदापूर तालुक्यात एका साखर कारखान्याच्या कडंला आमचा तळ पडायचा, कारखान्याचं नाव ऱ्हाऊ द्या, आन् तितं कामगारांचा क्लब व्हता, सांजंला त्येंची गाण्याची परॅक्टीस चालायची. गाणं काय आमच्यापतोर येत नव्हतं, पण एक जाडा आवाज यायचा, जमिनीवरनं आल्यावानी, पायाला लागायचा. मी आबाला इचारलं ह्ये काय वाजतंय, आबा म्हनला कारखान्याचं इंजन आसंल. मी म्हनलं इंजन आसं थांबून थांबून कसं चालंल. गेलो बघाय. खिडकीतनं बघतो तर चार तारांची लाल गिटार, कुणीतरी इंजिनेरसायबानं मुंबईवनं आनलेली, परदेशी. तवापासनं माझ्या डोक्यात तीच.

मेंढरामागं काय मी ऱ्हायलो न्हाय. भिगवणला एका रेडिओवाल्याच्या दुकानात काम शिकलो, तारंला कथलाचा डाग द्यायचा कसा, मीटर लावायचा कसा, आन् मग बारामतीला बापूरावांच्या ऑर्केस्ट्रात लागलो. बापूराव आमचे मालक, मानूस दिलदार, पण घाई लई. आधी मी नुसत्या वायरी गुंडाळायचो. मग आमचा बेसवाला, म्हंजी जाड्या आवाजाची चार तारांची गिटार वाजवनारा, पुन्याला गेला आन् ती गिटार माझ्या गळ्यात आली. परदेशी न्हवती हो, हितलीच बनावट, पण माझ्यासाठी तीच सोन्याची. लगनं, जत्रा, गणपती, आमी कुठं न्हाय वाजवलं.

आबाला मातर ह्ये पटलंच न्हाय. म्हनायचा, लोकं पुढं गान्याऱ्याला बघत्यात, तू मागं हुबा ऱ्हाऊन एकच तार वडतूस, तुला कोन बघतंय. मी म्हनायचो आबा, बघायचं न्हाय, ती पायाला लागती. त्येला काय कळायचं न्हाय.

मग आलं बघा संकट. त्र्याण्णव-चौऱ्याण्णव साल आसंल. गिटारीचं पिकअप गेलं. पिकअप म्हंजी तारांच्या खाली ती काळी पट्टी आसती ना, ती. आत लोहचुंबक आन् त्येच्यावर केसापरास बारीक तांब्याची तार गुंडाळलेली. ती तार आत कुठंतरी तुटली की गिटार मुकी. मी सोता गुंडाळून बघितली, निम्म्यात आलं की तुटायची, परत गुंडाळली, परत तुटली, बायकू म्हनायची आता ह्यो मानूस तार गुंडाळता गुंडाळता सोताला गुंडाळून घेतोय. पुन्यात इचारलं तर नुसतं मागवू, येईल, बघू. आन् त्याच टायमाला आमच्या दिलीपनं कीबोर्ड घेतला. दिलीप आमचा पेटीवाला, पोरगं लई गुनी. उजव्या हातानं चाल वाजवायचा आन् डाव्या हातानं जाडा आवाज काढायचा, माझाच. बापूरावांनी मला बोलवून घेतलं, चहा पाजला, आन् म्हनले सोपान, राग मानू नगंस, पाडव्याच्या पुढं जत्रा सुरू व्हत्यात, तवर तुझी गिटार वाजली तर वाजली, न्हायतर मला दिलीपचा डावा हात हाय. झालं. दुसऱ्याच्या डाव्या हातानं माझी भाकरी काढून घेतली. आबाला सांगितलं तर म्हनला बरं झालं, चल, मेंढरं वळाय मानूस पायजेच हाय.

आशात खबर आली, त्या कारखान्याच्या क्लबाचं जुनं सामान लिलावात काढलंय. टीवी आल्यावर क्लब कवाच बंद पडल्याला, सगळं गोडावनात. सर, मला जेवान जाईना. ती लाल गिटार तितंच आसनार, दुसरीकडं कुठं जाईल. बापूरावांच्या मागं लागलो, म्हनलं मालक, निसतं पिकअप मिळू द्या, नवं काय नगं, त्येच माझ्या गिटारीत बसवतो. ते म्हनले चल, बोली मी लावतो, तू निसतं दाखव.

गेलो. आबाबी आला, त्येचा तळ कारखान्याच्या बाजूलाच व्हता, म्हनला बघू तर खरं ह्येला एवढं कशाचं येड. आवारात तीन ढीग लावल्यालं. एक निव्वळ लोखंडाचा. एक पंखं, टूबा, जुनं ॲम्प्लिफायर आसला. आन् तिसरा लाकडाचा, मोडक्या खुर्च्या, कॅरमचं बोरड, आन् सर, त्याच्या खाली एक लांबडी काळी पेटी, गिटारीची, एक कडी तुटल्याली. लिलावाचा सायेब म्हनला ढिगानंच घ्यायचं, त्यातली एक वस्तू कुनाला मिळायची न्हाय.

आता आमच्यात एक रीत हाय. मेंढरांच्या बाजारात आवडल्याल्या मेंढीकडं बघायचं न्हाय. येपारी तुमच्या डोळ्याकडं बघत आसतो, नजर थांबली की त्यानं किंमत वाढिवली. म्हनून नगं त्या मेंढीचं दात बघायचं, पाठ चाचपायची, आन् पायजे तिच्याकडं पाठ करून हुबं ऱ्हायचं. ल्हानपनापासनं आंगात मुरल्यालं. मग मी काय केलं, लाकडाच्या ढिगाकडं पाठ केली आन् पंख्याच्या ढिगाभवती फिराय लागलो. ह्यो पंखा उचल, त्यो ॲम्प्लिफायर हालवून बघ, मान डोलव. लई झ्याक सोंग वठवलं म्या.

आन् बापूराव तर बारामती गावातलं मानूस, शिंप्याचं. त्येंनी माझ्या नजरंकडं बघून बोली लावली की पंख्यावर. मी तिकडनं डोळं मोठं करतोय, मान हालवतोय, तर त्येंना वाटलं म्हनतोय अजून लावा. वरडावं तर सगळ्यांना कळंल. पंख्याचा ढीग आमच्या गळ्यात पडला आन् लाकडाचा गेला इंदापूरच्या एका भंगारवाल्याला. बापूराव हासत आलं, म्हनलं घे, घेतला तुझा ढीग. मी म्हनलं मालक, त्यो न्हवं, त्यो. मग तिकडं कशाला बघत व्हतास? म्हनलं आमच्यात आवडल्याल्याकडं बघत न्हाईत. तर कपाळावर हात मारून म्हनले, आरं मग मला कसं कळावं, मी काय मेंढरंवाला हाय का?

आन् तितंच थांबावं का न्हाय. घाईचं मानूस, सरळ गेलं भंगारवाल्याकडं आन् म्हनलं पाव्हनं, त्या काळ्या पेटीत आमची गिटार हाय, तेवढी द्या. झालं कल्यान. त्येनं पेटी उघडून बघितली, आतनं परदेशी अक्षरं दिसली, लगीच म्हनला ही पुन्याला जाईल, पुन्यात ह्येचं शौकीन हायत. पंख्याचा आख्खा ढीग देतो म्हनलं तरी मान हालवंना. मला रडू यायचं बाकी ऱ्हायलं, खोटं कशाला बोलू.

आबा लिंबाखाली बसल्याला. मला हाक मारली, म्हनला तू कुठल्या ढिगाकडं बघितलं न्हाईस? म्हनलं लाकडाच्या. म्हनला मला वाटलंच. उठला, धोतर झटाकलं आन् गेला त्या भंगारवाल्याकडं. काय वळख न्हाय, पाळख न्हाय, पर त्येच्या हातावर आपलं उपरनं टाकलं आन् खालनं त्येची बोटं धरली. बाजारात आसंच आसतं सर, तोंडानं एक आकडा बोलायचा न्हाय, उपरन्याखाली बोटं दाबून सांगायचं, बाजूच्याला कळत न्हाय. माझं नशीब बघा, त्यो भंगारवाला आधी बकऱ्यांचा येपारी, त्येलाबी ही बोली येत व्हती. त्येच्या तोंडावर हासूच आलं. दोघं हुबं, तोंडानं म्हनत्यात औंदा ऊस कसा, पाऊस कसा, आन् खाली बोटं चालल्यात. एकदा त्येनं हात वडून घेतला, आबानं परत धरला. मी आन् बापूराव लांबनं बघतोय. मग आबानं उपरनं उचाललं, खांद्यावर टाकलं, आन् मला म्हनला, उचल पेटी.

मला वाटलं निसत्या पंख्यावर भागलं. सांजंला बघतो तर भंगारवाल्याच्या टेम्पोत आबाचा मेंढा बांधल्याला. मोठ्या पाठीचा, आबानं हौसंनं राखल्याला. मी म्हनलं आबा, ह्ये काय केलं? तर बापूरावांकडं वळून म्हनला, मालक, ढीग तुमचा, मेंढा माझा, म्हंजी पेटी निम्मी माझी. उद्या पोराला काढलंत तर निम्मी पेटी त्येच्यासंगं जाईल, कुठनं कापायची ती तुमी ठरवा. बापूराव हासत सुटलं. माझ्या मातर डोळ्याला पानी आलं. गिटारीला कवा बरं न म्हननारा मानूस.

बारामतीला येऊन पेटी उघडली. गिटारीची मान मोडल्याली, लाकूड वाळवीनं खाल्ल्यालं. पन पिकअप जिथल्या तितं, आवाजाची बटनं जिथल्या तितं, तारा पिळायच्या चारी चाव्या, गंजल्याल्या पन फिरणाऱ्या. मीटर लावला. दिलीपनं वायर धरली. आन् काटा हालला, सर. काटा हालला. म्हंजी आतली तार साबूत, येवढी वर्षं गोडावनात पडून साबूत. मी दिलीपला मिठीच मारली, त्येच्यामुळंच माझं काम जायाला लागलंय ह्ये इसारलो. चाव्या राकेलात घातल्या, पिकअप आमच्या गिटारीच्या भोकात बसंना म्हनून सुताराकडनं पटाशीनं भोक मोठं केलं, डाग दिलं, तारा चढवल्या, आन् पयली तार वडली तर फडताळातली भांडी वाजली. ल्हानपनी पायाला लागल्याला त्योच आवाज, आन् आता माझ्या बोटातनं.

पयली जत्रा डाळज गावाच्या अंगाला व्हती, दिस मावळतीला कार्येक्रम. पयल्या गान्याला दिलीप सवयीनं दोन्ही हातांनी वाजवत व्हता, मीबी वाजवत व्हतो, आवाज नुसता गढूळ. बापूराव कडंला हुबं, माझ्याकडं बघत्यात, दिलीपकडं बघत्यात. मी म्हनलं आता काय ते हितंच ठरनार. दुसरं गानं लागलं आन् चार ठोकं गेलं आसतील, दिलीपनं आपला डावा हात उचालला आन् मांडीवर ठिवला. कुनी सांगितलं न्हाय त्येला. माझ्याकडं बघून हासला आन् एका हातानं वाजवाय लागला. मग काय वाजलोय सर आमी त्या दिशी. आबा मागं हुबा व्हता, घरी जाताना म्हनला, लागतंय खरं पायाला.

आता आबा न्हाय, बापूरावबी न्हाईत. डीजेनं आमचं पोट मारलं, ऑर्केस्ट्रा कवाच मोडला, मी भिगवणला इहिरीच्या मोटारी बांधतो, तार गुंडाळायचाच धंदा. गिटार हाय भिंतीला टांगल्याली, पिकअप त्येच, अजून एकदाबी उघडलं न्हाय. दिलीप येतो कवामवा कीबोर्ड घिऊन, दोघंच बसतो, दोघांच्या बायका म्हनत्यात म्हातारपनी येड लागलं ह्येंना. त्येचा कीबोर्ड आता लई मोठा हाय, एकला मानूस आख्खा ऑर्केस्ट्रा काढतो. पन मी शेजारी बसलो आसलो ना सर, तर अजूनबी त्यो डावा हात लावत न्हाय. आसा सोबती देवानं तुमालाबी देवो. घ्या, चहा निवला तुमचा.