बांग देणाऱ्याचं बोकड

मेहरुनबी : चार दिस झालं, मशिदीत बांग दुसराच कोन तरी देतोय. मला म्हनलास घसा बसलाय. मग बाजारात शेळ्या इकताना कुठनं आला रं घसा?

तारिक : अम्मा, आधी च्या दे की.

मेहरुनबी : च्या मिळंल. आधी बोल.

तारिक : मोहिद्दीन चाचांना कुर्बानीचं बोकड इकलं न्हवं का दहिवडीच्या बाजारात? त्येला वरीस भरलेलं न्हाई. धाव्या म्हैन्यात हाय.

मेहरुनबी : अन् त्यांनी दात न्हाई बगितले? कुर्बानीला घेनारा पयलं जनावराचं तोंड उघडतो.

तारिक : उघडलंच न्हाई. म्हनले, बांग देनाऱ्याच्या बोकडाचे दात काय बगायचे. नुसतं इचारलं, वरीस भरलंय ना? मी म्हनलं, अल्लाची शपथ, भरलंय.

मेहरुनबी : अल्लाची शपथ घेतलीस.

तारिक : बाजार उठत आलेला. तेवडं एकच बोकड उरलेलं. गेलं तोंडातनं.

मेहरुनबी : वरीस भरलं नसंल तर त्यांची कुर्बानी व्हनार न्हाई. ठावं हाय ना?

तारिक : ठावं हाय. म्हनून तर बांग देववत न्हाई. पयल्या दिशी नमाजला हुबा ऱ्हायलो तर छातीत नुसतं टोचत हुतं. दुसऱ्या दिशी जरा कमी. आज सकाळी टोचलंच न्हाई, अम्मा. नमाज झाली, चप्पल घातली, आलो घरी. तवा लय भ्या वाटलं. म्हनलं, ईमानच गेलं आपलं.

मेहरुनबी : गेलं असतं तर भ्याला असतास व्हय? एका गुन्यानं ईमान जात न्हाई. पर दिलावर काळा ठिपका पडतो, मौलाना सांगत्यात की. तौबा केली तर पुसतो. न्हाई केली तर शेजारी दुसरा पडतो, मग तिसरा. सगळं दिल काळं झाल्यावर टोचनार काय?

तारिक : तौबा केली की मी. रडून केली.

मेहरुनबी : अल्लाचं अल्लाला सांगितलंस, चांगलं केलंस. मोहिद्दीन भाईजानचं कुनाला सांगितलंस? ते त्यांनीच माफ कराय पायजे.

तारिक : त्यांच्या तोंडात तीळ भिजत न्हाई. गावभर हुईल. मग मला बांग द्याय कोन हुबं करंल? तू आजवर बांगवाल्याची अम्मा म्हनून मिरवतीस.

मेहरुनबी : मिरवते तर. ऊठ, आपलं दारातलं बोकड सोड. त्येला दोन दात आल्यात, म्हंजी वरीस भरलंय.

तारिक : ते आपल्या कुर्बानीचं हाय. तू हातानं वाढवलंयस.

मेहरुनबी : परवा ईद हाय. आपल्यासाठी उद्या बगू कुठं तरी. चल, मीबी येते.

(मोहिद्दीनच्या अंगणात. तारिकच्या हातात बोकडाचं दावं. सगळं सांगून झालंय.)

मोहिद्दीन : पस्तीस वर्षं शाळेत क्लार्क होतो मी. सही तपासल्याशिवाय कागद पुढं सरकवला नाही. तुझा एक शब्द तेवढा तपासला नाही.

तारिक : चुकलं, चाचा. शपथ खोटी घेतली. मला माफ करा. ह्ये बोकड घ्या. तोंड उघडून बगा.

मोहिद्दीन : बघणारच आहे. धर नीट... हं. आहेत दोन दात. पण तारिक, राग आलाय मला. तो असा लगेच जायचा नाही.

तारिक : बरुबर हाय, चाचा.

मोहिद्दीन : एक सांग. तू गप्प बसला असतास, तर परवा सुरी फिरली असती, मटण वाटून झालं असतं. मला कुठं कळणार होतं?

तारिक : तुमाला कळलं नसतं. अन् म्हैन्याभरानं मलाबी काय वाटलं नसतं. त्येचंच भ्या वाटलं.

मोहिद्दीन : जा, केलं माफ. अल्लाही करो. मेहरुनबी, तुला काय बोलायचंय?

मेहरुनबी : बोलायचं त्येला हुतं.

मोहिद्दीन : बांगवाल्याकडचं बोकड आणलंय, असं मी गल्लीभर सांगत सुटलोय. आता लोक विचारतील, का बदललं? आजारी पडलं म्हणून सांगतो. पोराची बांग कशाला बंद पडायला हवी?

मेहरुनबी : न्हाई, भाईजान. हाय त्ये सांगा. अन् सांगताना माझ्या पोराचं नाव घ्या.