बनाबाई सही करत नाही

(कसबा बावडा, ऑक्टोबर २००६. दूध संस्थेचा मीटिंग हॉल. छतात बसवलेल्या एसीखाली शिडी लावून मेकॅनिक प्रसेनजीत वर चढला आहे. खाली मॅनेजर बाळासो आणि सफाईकाम करणाऱ्या बनाबाई.)

बाळासो : सही कर म्हटलं की करायची, बनाबाई. चार ओळींचा कागद हाय. तुझा सातबारा लिहून मागत न्हाय मी.

बनाबाई : सातबारा मागितला असतासा तर इचार केला असता. ह्यो कागद न्हाय देत. आधी मोठ्यानं वाचा. त्या शिडीवरच्या पावण्यालाबी ऐकू जाऊ दे.

प्रसेनजीत : मला सगळं ऐकू येतंय, मावशी. तुमचं चालू द्या, मी जाळी काढतोय.

बाळासो : वाचतो. 'मी, बनाबाई, संस्थेची सफाई कामगार, असे लिहून देते की, मीटिंग हॉलमधील एसीची जाळी धुताना माझ्या हलगर्जीपणामुळे मशीनमध्ये बिघाड झाला व सत्काराच्या दिवशी पाहुण्यांच्या अंगावर पाणी पडले. त्याबद्दल मी माफी मागते.' झालं. एवढंच.

बनाबाई : एवढंच? आठ म्हैनं झालं ह्ये मशीन बसून. दर शनवारी जाळी कोण काढतंय? मी. साबण लावत न्हाय, गार पाण्यानं धुतो, सावलीत वाळवतो आन मगच बसवतो. बसवायला आलेल्या पोरानं जे सांगितलं त्यातलं एक अक्षर इसरलो न्हाय. आन हलगर्जी मी?

प्रसेनजीत : जाळी एकदम स्वच्छ हाय, साहेब. शहरातल्या दुकानांत बी अशी बघायला मिळत न्हाय मला. तिथं जाळीवर घोंगडं विणता येईल एवढी लव असती.

बाळासो : तुला विचारलं का मी? तू मशीन बघ.

प्रसेनजीत : तेच बघतोय.

बाळासो : बनाबाई, जरा माझं बी ऐक. चेअरमन गणपतराव कसे तापलेत तुला ठाऊक हाय. शिरोळचे पाहुणे सत्काराला आलेले, हार गळ्यात पडायला आणि टोपीवर पाणी पडायला एकच गाठ. तेबी तांबडं पाणी! पांढरीशुभ्र टोपी, आणि मधोमध ठिपका. पोरंठोरं फिदीफिदी हसली. आता चेअरमन म्हणतात, चूक कुणाची ते लेखी आणा.

बनाबाई : आन तुमाला मीच गावलो.

बाळासो : कुणाचं तरी नाव लागतंय की गं! तू कागद दिलास की मी त्यांच्या हातापाया पडतो, मिटवतो. न्हाय दिलास तर सोमवारपासनं येऊ नको म्हणतील.

बनाबाई : म्हणू द्यात. सतरा वर्सं ह्या संस्थेची फरशी पुसलो. घरी बसंन, न्हायतर चार घरची धुणी धरंन. पर जायचं असंल तर ताठ जाईन. न केलेल्या कामाचा डाग घिऊन न्हाय जायची.

प्रसेनजीत : साहेब, ते तांबडं पाणी कसलं?

बाळासो : गंज असंल. लोखंड म्हटल्यावर गंज आला.

प्रसेनजीत : ह्यात पाणी साठतं ते ताट लोखंडाचं नसतंय. प्लॅस्टिक आणि थर्माकोल. त्याला कुठनं गंज येतोय?

बाळासो : मग तू सांग की. मेकॅनिक तू, का मी?

प्रसेनजीत : सांगतो. खिडकीच्या एसीचं पाणी उतारानं बाहेर जातं. ह्याला उतार न्हाय, छतातच बसलाय. म्हणून आत एक छोटा पंप असतोय, तो ताटातलं पाणी उचलून पाइपात टाकतोय. पंप अडकला की ताट भरतं आणि पाणी खाली. त्यात तुम्ही मशीन सोळावर ठेवता आणि खिडक्या सताड उघड्या.

बाळासो : डायरेक्टर लोकांना गार बी लागतंय आणि वारं बी लागतंय.

प्रसेनजीत : मग पाणी दुप्पट होणारच. थांबा, ताट सोडवलं. पंपाच्या तोंडात कचरा अडकलाय बघा.

बाळासो : झालं! कचरा! हेच लिही रिपोर्टात. बनाबाई, बघ, तुझा कागद बी नको आता. 'कचरा अडकल्यामुळे बिघाड', एका ओळीत विषय संपला.

बनाबाई : पावणं, खाली या.

प्रसेनजीत : आलो, ताट आणि पंप घेऊनच. काय म्हणता?

बनाबाई : कचरा लिवणार तू?

प्रसेनजीत : रिपोर्टात असंच लिहितात, मावशी. कचरा, धूळ, असंच काहीबाही. तुमचं नाव कुठं येत न्हाय त्यात.

बनाबाई : येतंय की! ह्या इमारतीत कचरा काढायचं काम कुणाचं? माझं. कचरा ऱ्हायला म्हणजे मी काढला न्हाय. नाव न लिवता माझ्या गळ्यात बांधलंस. त्यापरास ह्यांचा कागद बरा, त्यात नाव तरी हाय.

बाळासो : आता हिला काय म्हणावं! सोडवाय जावं तर अंगावर येती.

बनाबाई : कसला कचरा हाय त्यो बघ आधी. हातात घिऊन बघ. चिमट्यानं काढ.

प्रसेनजीत : बघतो... फुगलेलं कायतरी पांढरं हाय. हे... तांदूळ हाय की हो! मूठभर तांदूळ फुगून बसलाय. आणि वर हा तांबडा चिखल... कुंकू.

बाळासो : उंदरानं आणला असंल.

प्रसेनजीत : कुंकू लावून?

बनाबाई : आता काय लिवतोस?

प्रसेनजीत : मावशी, तुम्हाला खरं सांगतो. ह्या संस्थेचं वर्षाचं काम आमच्याकडं हाय. हे दसऱ्याच्या पूजेचंच दिसतंय, आणि पूजा चेअरमनच्या हातची असणार. पूजेनं मशीन बिघडलं असं लिहिलं तर त्यांचा मान जाणार, आणि आमचं काम जाणार. मालक मलाच विचारणार, तुला कुणी सांगितलं होतं शहाणपण?

बाळासो : शहाणा हायस. आणि हे बघ, तुमच्यात पूजाअर्चा नसती. तू असलं काय लिहिलंस तर लोक वेगळाच अर्थ काढतील, मुद्दाम लिहिलं म्हणतील. तुझ्या भल्याचं सांगतोय.

प्रसेनजीत : आमच्यात नसती, खरं हाय. पण माझी तक्रार पूजेवर न्हाय, साहेब. बाहेरनं हार घाला, कुंकू लावा, मी कोण सांगणार? तांदूळ पंपात गेला एवढंच बोलतोय. पंप काय जात विचारून अडकत न्हाय.

बाळासो : आवाज चढवू नको. तुझंबी सांगू का? ऑगस्टमध्ये सर्व्हिस करायची होती, फिरकला न्हाईस. तेबी कळवीन तुझ्या मालकाला.

प्रसेनजीत : कळवा. न्हायतर थांबा, मीच लिहितो. पहिली ओळ तीच लिहितो. 'ऑगस्टची सर्व्हिस आमच्याकडून राहिली.' घ्या. झालं लिहून. खरंच राहिली होती.

बनाबाई : आता दुसरी वळ.

प्रसेनजीत : 'पाणी उपसणाऱ्या पंपात तांदूळ व कुंकू अडकले. जाळी स्वच्छ होती. साफसफाईत दोष नाही.' मावशी, हे ठीक हाय?

बनाबाई : कुणाचं नाव घाल म्हणत न्हाय मी. तांदूळ लिवलास, बास. आमच्या हापिसात तांदूळ शिजत न्हाय, ज्याला कळायचं त्याला कळंल.

बाळासो : मी सही करणार न्हाय असल्या रिपोर्टावर. चेअरमनच्या हातची पूजा! त्यांनी खंडेनवमीला जीपला कुंकू लावलं, टेस्टिंगच्या मशीनला लावलं, ह्यालाबी लावलं. त्यांच्यावर बोट दाखवायची माझी ताकद न्हाय.

बनाबाई : चेरमनचा हात पोचतोय व्हय छताला? साठीचं मानूस, गुडघं धरून खुर्चीवरनं उठतंय.

बाळासो : म्हणजे?

बनाबाई : चेरमननी खालनं हात जोडलं आन नारळ फोडाय भायेर गेलं. वर तुमी चढलासा. जाळी तुमीच काढलासा. म्हणलासा, 'टॅक्टरचं बॉनेट उघडून इंजनाला कुकू लावत्यात, मग ह्याचं बी आत लावाय पायजे, भायेरनं लावलेलं लागू पडत न्हाय.' पंख्याच्या बुडाला अक्षता ठेवलासा. पंखा फिरल्यावर त्या ऱ्हातील व्हय जाग्यावर?

बाळासो : तुला... तुला कुणी सांगितलं हे?

बनाबाई : सांगाय कशाला पायजे? शिडी मीच धरलीवती.

प्रसेनजीत : मावशी! मग इतका वेळ गप का बसलासा? पहिल्यांदाच सांगायचं की!

बनाबाई : इतका येळ काय, आठ दिस गप हाय. वाटलं, आज सांगतील, उद्या सांगतील. मानूस वायट न्हाय. माझ्या पोरीच्या लग्नाला दोन दिस आधी यिऊन मांडवाला हात लावलेलं मानूस हाय. आपल्या तोंडानं बोलतील, आपुन कशाला उघडं पाडा. आन ह्यांनी काय आणलं? माझ्या नावाचा कागद. टाइप करून!

बाळासो : बनाबाई, मला काय मुद्दाम करायचं होतं का? चांगल्या मनानं केली पूजा. नवं मशीन, एवढं महागाचं, दृष्ट लागू नये म्हणून...

बनाबाई : पूजेला कोण नाव ठेवतंय? चूक व्हतीया मानसाकडनं. ह्या पोराचीबी झाली, त्यानं लिवली. किती येळ लागला त्याला?

बाळासो : तो परका माणूस. उद्या दुसऱ्या गावाला जाईल. मला रोज गणपतरावांच्या पुढ्यात बसायचंय. बावीस वर्षांत त्यांनी मला एक शब्द वावगा बोललेला न्हाय.

बनाबाई : मला तर रोज बोलत्यात. मेलो का मी?

प्रसेनजीत : साहेब, पंप धुतला, फिरवून बघितला. चालतोय. बसवू का? रिपोर्टावर सही लागंल मला.

बाळासो : आण इकडं. पेन दे... घे, केली.

प्रसेनजीत : आणि तो टाइप केलेला कागद?

बाळासो : फाडून टाकतो.

बनाबाई : फाडू नगासा. चांगला लिवलाय. चेरमनना लेखीच पायजे न्हवं? माझं नाव खोडा, तुमचं घाला. 'सफाई कामगार' खोडून 'मॅनेजर' करा. 'जाळी धुताना' काढून 'पूजा करताना' घाला. बाकीचा मजकूर हाय तसा चालतोय.

बाळासो : माफी मागते, हे बी?

बनाबाई : त्ये तर ठेवाच.

प्रसेनजीत : मशीन चालू करतो. चोवीसवर ठेवलंय, खिडक्या लावून घ्या. पाणी बघा, पाइपातनं बाहेर पडायला लागलं. थेंब न्हाय खाली.

बाळासो : घे, बनाबाई. घातलं माझं नाव. सहीबी केली. बघ वाचून.

बनाबाई : वाचतो... हं. बरोबर हाय.

बाळासो : आता सांग, चेअरमनच्या पुढं कुठल्या तोंडानं जाऊ मी?

बनाबाई : आठ दिस माझ्या म्होरं रोज येत हुतासा की. त्याच तोंडानं जावा.