लिफ्ट शॉर्टली सुरू होईल

...आणि वर मलाच म्हणतात, तुम्ही वाचकांची दिशाभूल केलीत! मी? उभी हयात बातमीदारीत घालवली, आणि दिशाभूल मी करतो? आता तुम्हीच सांगा, सरकारी दवाखान्याची लिफ्ट बंद, आणि हाडांचा विभाग तिसऱ्या मजल्यावर! ही अक्कल कुणी लढवली तेही मी शोधणार आहे, पण ते राहू द्या. माझी थोरली बहीण, आक्का, मांडीचं हाड मोडलेलं. दर खेपेला तिला खुर्चीत बसवून आम्ही जिना चढवतो. भाचा पुढे, मी मागे, म्हणजे सगळं वजन माझ्यावर, आणि वरून आक्काच्या सूचना चालू, "डावीकडे कलतंय रे, जेवलास ना सकाळी?"

लिफ्ट कधी, म्हणून विचारलं, तर बांधकाम खात्याचे साहेब इंग्रजीत पत्रक काढतात. आधी ‘सून’. मग ‘शॉर्टली’. मग ‘सबसिक्वेंटली’. आणि परवा तर ‘इव्हेंच्युअली’! शब्द लांबत चाललेत, लिफ्ट जागची हलत नाही. सगळ्यांचा अर्थ एकच, नंतर. अहो, पण नंतर म्हणजे कधी?

मग तुम्हाला सांगतो, मी काय केलं... सगळी पत्रकं एका बातमीत घेतली आणि प्रत्येक ठिकाणी ‘नंतर’ हाच शब्द ठेवला. साहेब म्हणाले, नंतर. साहेब पुन्हा म्हणाले, नंतर. आमचा नवा संपादक इंग्रजी पेपरातून आलेला, वयाने माझ्या निम्मा. मान तिरकी करून म्हणतो कसा, "सर, जरा व्हरायटी द्या ना. लवकरच आहे, यथावकाश आहे... शब्दांना छटा असतात." छटा! म्हटलं, बाळा, आक्काची खुर्ची धरून एक मजला चढून ये, मग आपण छटा बघू. बातमी तशीच लागली.

सकाळी साहेबांचा फोन. दातओठ खात म्हणाले, "आम्ही ‘शॉर्टली’ म्हटलं होतं, तुम्ही नंतर छापलंत. खात्याची बदनामी आहे ही, वाचकांची दिशाभूल आहे. दुरुस्ती छापा."

म्हटलं, छापतो की! पहिल्या पानावर, चौकटीत छापतो. फक्त एवढंच सांगा, तुमचं ते नंतर म्हणजे कधी?

त्यांच्या खोलीतला पंखा मला इकडे ऐकू येतोय... आणि रागाच्या भरात गृहस्थ बोलून गेले, "सोमवारी!"

झालं! दुसऱ्या दिवशी चौकट: ‘साहेबांच्या शॉर्टली या शब्दाचा अर्थ नंतर असा नसून सोमवार असा वाचावा.’

आणि सोमवारी, खोटं नाही सांगत, लिफ्ट सुरू! साहेब स्वतः दारात, छाती काढून उभे. मला म्हणतात, "या. ताईंनाही आणा. बघा आता डोळ्यांनी." आत साहेब, मी आणि चाकाच्या खुर्चीत आक्का. पहिला मजला गेला. दुसरा गेला. आणि मग... काही गेलंच नाही. गचका बसला, दिवाही विझला. साहेबांनी घंटा दाबली, दार बडवलं. खालून लिफ्टवाला अगदी निवांत आवाजात, "मेकॅनिकला कळवलंय, येईल नंतर."

आणि तुम्हाला सांगतो, सगळ्या नोकरीचं चीज झालं! ते इंग्रजी पत्रकवाले साहेब, दाराच्या फटीला तोंड लावून, चक्क मराठीत ओरडले, "अरे, नंतर म्हणजे कधी?"

मी सवयीने खिशातलं पेन काढलं. पण अंधारात लिहिणार काय, आणि ते छापणार कधी? बसायला खुर्ची एकच, तीही आक्काची. ती म्हणाली, "टेका रे दोघंही, पाय मोडतील." मी भिंतीला पाठ लावून खाली सरकलो, साहेबांना शेजारी जागा करून दिली आणि म्हटलं, "बसा साहेब. उघडेल... इव्हेंच्युअली."