सुट्टी कोणी घ्यायची

तुम्हाला सांगतो, आमच्याकडे मुलगा आजारी पडला की आधी ताप नाही, कॅलेंडर बघतात. परवा चिनूला एकशे दोन ताप. मी म्हटलं, "तू थांब, माझं प्रेझेंटेशन आहे."

बायको म्हणाली, "माझ्याकडे ऑडिट आहे. मागच्या वेळी मीच थांबले होते."

अर्धा तास भांडून एकमत झालं, मावशींना लवकर बोलवू. चिनूला सांभाळायला त्या नेऱ्याहून पनवेलला येतात. स्पीकरवर फोन लावला.

"आज नाय जमनार. माज्या पोरीला ताप हाय."

मी विचारलं, "मग तिचे बाबा नाहीत का घरी?"

"हायत ना. पोर आजारी असल्यावर कामावर कोन जातं?"

आतून चिनू म्हणाला, "बाबा, मला मावशींकडेच सोडा."